शेतातला भात आणि ताटातला भात

प्रश्न: ‘भाताची लावणी’ आणि ‘वरण-भात’, दोन्हीकडे एकच शब्द कसा? आणि मग साळ, धान, तांदूळ म्हणजे काय?

‘भात’ मुळात चुलीवरचा. संस्कृत ‘भज्’ म्हणजे वाटणे. ‘भक्त’ म्हणजे वाट्याला आलेले, त्यावरून अन्न, आणि पुढे शिजवलेला तांदूळ. प्राकृतात ‘भत्त’, मराठीत ‘भात’. शेतातला अर्थ मागून आला: ज्याचा भात होतो, ते पीकही भातच. कन्नडमध्ये ‘भत्त’ म्हणजे तुसासकट दाणा, शिजवलेल्याला तिथे ‘अन्न’ म्हणतात. गोव्याच्या कोंकणीतही भात शेतात नि ‘शीत’ ताटात. मराठीत ‘शीत’ (संस्कृत सिक्थ) शिजलेल्या एका कणापुरते उरले. शितावरून भाताची परीक्षा होते ती त्याच शिताची.

तुसासकट दाण्याला काही भागांत ‘साळ’ (शालि) म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तेच ‘धान’, म्हणजे सरसकट धान्यासाठीचा शब्द तिथल्या मुख्य पिकाला चिकटला. कोकणात भाताची लावणी, तिकडे धानाची रोवणी.

‘तांदूळ’ (तण्डुल) मात्र तूस काढल्यावरच. भरडल्यावर तूस निघते, मग सडल्यावर (म्हणजे मुसळाने कांडल्यावर) किंवा पॉलिश केल्यावर कोंडा. फुटलेले तुकडे म्हणजे कणी. 100 किलो भातातून साधारण 65 ते 67 किलो तांदूळ मिळतो. म्हणून हमीभावाचा आकडा किराणा दुकानातल्या दराशी थेट ताडून पाहणे चूक: हमीभाव धानाचा असतो, दुकानातला दर तांदळाचा.

शब्द अदलाबदल केले की कृतीही बिघडते. लाह्या साळीच्या होतात, तांदळाच्या नाही. तूस आतली वाफ कोंडून धरते, दाब वाढला की दाणा फुलतो. पोहेही भात भिजवून, भाजून, मग कांडून करतात. उकड्या तांदळात उकडला जातो तो भात. नंतर तो वाळवून भरडतात. नुसता तांदूळ उकडून वाळवला तर उकडा तांदूळ होत नाही. एखाद्या जुन्या पाककृतीत ‘भात भिजत घाला’ असे दिसले तर पुढे कांडणे किंवा भरडणे आहे का ते आधी पाहावे.

‘भत्ता’ हा शब्दही याच ‘भक्त’च्या घरातला मानतात.