आधी पोट, मग लघवी

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. वर्षभरापासून शाळेत तिची चड्डी थोडी ओली होते, अधूनमधून शौचाचे डागही लागतात. लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी निर्दोष आहे. डॉक्टरांनी पेल्व्हिक फ्लोअर फिजिओथेरपी सुचवली आहे. एवढ्या लहान मुलीला ती द्यावी का?

उत्तर : जरूर द्यावी. मात्र बाळंतपणानंतर सांगतात तसे आवळण्याचे व्यायाम तिच्याकडून करून घेतले जातील, अशी आपली समजूत असेल तर ती आधी दूर करायला हवी. मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणारे स्नायू, म्हणजेच पेल्व्हिक फ्लोअर, अशा मुलांमध्ये बहुधा कमकुवत नसतात. शाळेतले स्वच्छतागृह नकोसे वाटते किंवा खेळ सोडवत नाही म्हणून सतत शू अडवून धरल्याने ते लघवी करतानाही पुरते सैल होत नाहीत आणि मूत्राशयात थोडी लघवी उरते. तिला शिकायचे आहे ते सैल सोडणे.

मला अधिक महत्त्वाचे वाटतात ते शौचाचे डाग. गुदाशयात कडक मळ साठला की त्याच्या कडेने पातळ मळ नकळत झिरपतो (यात मुलीचा आळस नसतो, तेव्हा तिला रागावू नये), आणि तोच साठा शेजारच्या मूत्राशयाला दाबतो. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने मळ मऊ ठेवणारे औषध आधी सुरू व्हावे. ते अनेकदा काही महिने घ्यावे लागते आणि पोट साफ होऊ लागताच परस्पर बंद केल्यास त्रास पुन्हा उलटतो.

फिजिओथेरपिस्ट लघवी-शौचाची नोंदवही ठेवायला सांगतात, दर दोन-तीन तासांनी लघवीला जाण्याची आणि जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शौचास बसण्याची सवय लावतात. कमोडवर पाय लोंबकळत राहिले तर स्नायू सैल होत नाहीत, म्हणून पायांखाली पाट ठेवून गुडघे कमरेपेक्षा किंचित वर घ्यावेत. उकिडवे बसण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीत हे आपोआप साधत असे. बायोफीडबॅकमध्ये त्वचेवर चिकटवलेल्या सेन्सरमुळे स्नायूंची हालचाल पडद्यावर दिसते आणि मुले ती खेळासारखी शिकतात. आतून तपासणी सहसा करत नाहीत. तरीही आपण तिच्याजवळच थांबावे.

पाय कमजोर वाटू लागले, चाल बदलली किंवा कमरेखाली मणक्यावर केसांचा झुपका अथवा खळगा दिसला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. शाळेतील बाईंनाही एक चिठ्ठी द्या : तासाच्या मध्येच तिने लघवीला जाण्याची परवानगी मागितली, तर ती नाकारू नये.