पुण्याहून एका दिवसात नदीकाठचं जुनं गाव पाहायचंय, चालणंही व्हावं. कुठे जावं?

मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर, कृष्णेकाठी. नाना फडणवीसांचा वाडा तिथलाच. भित्तिचित्रं जरूर पाहा. पण खरी मजा मागच्या घाटावर. सकाळी लवकर पोहोचलात तर पायऱ्यांवर नुसतं बसा. मेणेश्वराच्या देवळाजवळ पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर आलेली. चर्चची घंटा शंकराच्या दारी, आहे की नाही गंमत!

पाय मोकळे करायचे तर पांडवगड चढा, ऊन व्हायच्या आत. नाहीतर सायकलने धोमला जा. नरसिंहाचं देऊळ आणि दगडी कासवावरचा नंदी बघा. पावसाळ्यात मात्र घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नका, शेवाळ फार असतं.