रायझन ५८००एक्सवर जुना कूलर चालेल का?

नव्या डेस्कटॉपमध्ये रायझन ७ ५८००एक्स हा प्रोसेसर टाकताय आणि जुन्या रायझन ५ ३६०० सोबत आलेलाच कूलर वापरायचा विचार आहे. बसेल, पण पुरणार नाही. ३६०० चा टीडीपी (कूलरला किती उष्णता काढावी लागते त्याचं माप) ६५ वॅट, ५८००एक्सचा १०५. पूर्ण लोडवर तर तो १४२ वॅटपर्यंत ओढतो. ९० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच मिळत नाही. १२० मिमी पंख्याचा चांगला टॉवर एअर कूलर घ्या, कॅबिनेटमध्ये त्याची उंची मावते का तेवढं आधी बघा. लगेच घेणं जमत नसेल तर तोवर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीज कमी करणारा ६५ वॅटचा इको मोड लावा.

जुना कूलर काढताना मात्र कृपा करून घाई करू नका. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट वाळलेली असली की प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. माझा तसाच आला होता, कडेच्या चार पिना वाकल्या. ब्लेडच्या टोकाने एकेक सरळ करताना हात थरथरत होते. मशीन दहा मिनिटं चालवून गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा, मग कूलर डावी-उजवीकडे अलगद फिरवत उचला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, आणि नव्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिक फिल्म आठवणीने काढा.