‘व्हिव्हिफाय’: चुलत भावंडं, लेक नव्हे

महिनाभर ‘व्हिव्हिफाय’ (vivify) या एकाच इंग्रजी क्रियापदाबद्दल पत्रं येताहेत. एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

प्रश्न: उच्चार आणि अर्थ?

जोर पहिल्या ‘व्हि’वर. अर्थ: जान आणणे.

प्रश्न: ‘चहा पिऊन आय व्हिव्हिफाइड’ बरोबर का?

नाही. क्रियापद सकर्मक आहे, कशात जान आणली ते सांगावं लागतं. चहाने तरतरी आली तर ‘फ्रेश’ म्हणा.

प्रश्न: ‘रिव्हाइव्ह’ वेगळं कसं?

बेशुद्ध माणूस किंवा बंद पडलेलं नाटक रिव्हाइव्ह होतं, म्हणजे गेलेलं परत येतं. ‘व्हिव्हिफाय’ला ती अट नाही. कोरड्या वर्णनात दोन नेमके संवाद घातले की ते व्हिव्हिफाय होतं.

प्रश्न: हा शब्द आपल्या ‘जीव’वरूनच गेला ना? तसा मेसेज आलाय.

तो मेसेज मलाही आलाय, अकरा वेळा! शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिन ‘व्हिव्हुस’ म्हणजे जिवंत. ‘जीव’शी त्याचं नातं आहे, पण ते चुलत भावंडांचं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, हे इंग्रज न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं. ग्रीक ‘बिओस’ (जीवन) त्याच घराण्यातला आणि इंग्रजी ‘क्विक’सुद्धा. ‘क्विक’ म्हणजे मुळात जिवंत. वेगाचा अर्थ नंतरचा. नख फार खोल कापलं की जिथे झोंबतं, त्या जिव्हाळीला इंग्रजीत आजही ‘क्विक’च म्हणतात. ‘कट टू द क्विक’ म्हणजे जिव्हारी लागणं. एवढं सुंदर नातं हाताशी असताना ‘सगळं आमच्याकडूनच गेलं’ हा हट्ट कशाला? आवाज जुळला की व्युत्पत्ती सापडली, असं होत नाही. पुढे पाठवण्याआधी व्युत्पत्तिकोश उघडा, नाहीतर भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारा.

प्रश्न: क्रीमच्या डबीवर ‘व्हिव्हिफाइंग’ लिहिलंय. म्हणजे नक्की काय होतं?

डबी महाग होते. त्वचेचं त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

प्रश्न: क्लासने पैसे घेऊन ‘पॉवर वर्ड्‌स’ची यादी दिली आहे. ‘आय व्हिव्हिफाय टीम्स’ असं अर्जात लिहू का? मुलाखत उद्या आहे.

यादी कधीपासून पडून आहे? ते वाक्य काढा. टीमसोबत काय काम केलंत तेच साध्या इंग्रजीत लिहा आणि आज रात्रीच चांगलं इंग्रजी येणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मला पुन्हा लिहिलंत तर उत्तर पुढच्या महिन्यात मिळेल.