'दाम' आणि ग्रीकांचे द्राख्मे

प्रश्न असा आहे: "'दाम' हा शब्द मूळचा ग्रीक आहे असे वाचनात आले. 'दमडी', 'दामदुप्पट' यांसारखे घरगुती शब्द परके कसे असतील? आणि ग्रीक भाषेत तरी त्याचा मूळ अर्थ काय?"

व्युत्पत्ती खरी आहे आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ग्रीक 'द्राख्मे'चे संस्कृतात 'द्रम्म' झाले. प्राकृतात शब्द जोडाक्षराने सुरू होत नसल्यामुळे त्याचे 'दम्म' झाले, आणि 'कर्म–कम्म–काम' व 'चर्म–चम्म–चाम' ज्या वाटेने आले त्याच वाटेने 'दम्म'चे 'दाम' झाले. दामोदरातला 'दाम' म्हणजे दावे, दोरी. तो शुद्ध संस्कृत असून त्याचा पैशाशी संबंध नाही.

मूळ अर्थाकडे वळायचे तर 'द्राख्मे' म्हणजे मूठभर, एका मुठीत मावेल तेवढे. मुठीत काय मावेल, याचे उत्तर सहा ओबोल. 'ओबोल' हा शब्द मांस भाजण्याच्या सळईच्या नावावरून आला आहे. नाणी पाडली जाऊ लागण्यापूर्वी ग्रीसमध्ये लोखंडी सळया मूल्य म्हणून चालत असत. अर्गोसजवळच्या हेरादेवीच्या मंदिराच्या उत्खननात अशा सळयांची एक जुडीच सापडली आहे. पुढे चांदीची नाणी आली, सळया गेल्या, पण सहा ओबोलांचा एक द्राख्मे हे कोष्टक तसेच राहिले. त्याच्या वर शंभर द्राख्मे म्हणजे एक म्ना आणि साठ म्ना, म्हणजे सहा हजार द्राख्मे, म्हणजे एक तालांत.

आता ही रक्कम मोठी होती की लहान, हे समजून घेतल्याशिवाय शब्दाला वजन येत नाही. अथेन्सचा द्राख्मे सुमारे 4.3 ग्रॅम चांदीचा. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस अॅक्रोपोलिसवरील एरेख्थेऑन या मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरून ठेवलेले आहेत. त्यांत कारागिराची रोजची मजुरी एक द्राख्मे अशी दिसते आणि ती नागरिक, परदेशी रहिवासी व गुलाम या तिघांना सारखीच लावलेली आहे, अर्थात गुलामाची मजुरी शेवटी त्याच्या मालकाकडे जाण्याची शक्यताच अधिक. न्यायसभेत पंच म्हणून बसणाऱ्या नागरिकाला अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात रोज दोन ओबोल मिळत. त्याच्यानंतरचा नेता क्लेऑन याने ते तीन केले. इ.स.पू. 415 मध्ये सिसिलीतील सेगेस्ता नगराने अथेन्सची मदत मिळवण्यासाठी साठ नौकांचा एका महिन्याचा पगार म्हणून साठ तालांत चांदी आणली, असे ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस सांगतो. एका युद्धनौकेवर सुमारे दोनशे माणसे असत. दोनशे माणसे, तीस दिवस, प्रत्येकी रोज एक द्राख्मे, म्हणजे बरोबर सहा हजार, एक तालांत. वल्हे मारणाऱ्याचा रोज आणि राज्याचा युद्धखर्च असे एकाच कोष्टकात बसतात.

ही चांदी आली कोठून? मुख्यतः अथेन्सच्या दक्षिणेकडील लाव्रिऑनच्या खाणींतून. इ.स.पू. 483 च्या सुमारास तेथे चांदीचा मोठा साठा हाती लागला, तेव्हा ती नागरिकांत माणशी दहा द्राख्मे याप्रमाणे वाटून टाकावी असा विचार चालला होता. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने ती युद्धनौका बांधण्यासाठी वापरायला लावली, आणि तीन वर्षांनी सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. त्या विजयातून अथेन्सच्या नेतृत्वाखाली नगरांचा संघ उभा राहिला. त्याची पहिली वार्षिक वर्गणी 460 तालांत ठरली, आणि इ.स.पू. 454 मध्ये संघाचा खजिना डेलॉस बेटावरून अथेन्सला हलवला गेल्यानंतर वर्गणी आणि खंडणी यांत फारसा भेद उरला नाही. पुढे तर अथेन्सचीच नाणी, वजने व मापे वापरावीत असा हुकूम संघातील नगरांवर काढण्यात आला. खाणींत राबणारे मात्र गुलाम होते. निकिअस या सेनापतीने आपले एक हजार गुलाम खाणींसाठी माणशी रोज एक ओबोल दराने भाड्याने दिले होते, असे ग्रीक लेखक झेनोफोनने नोंदवले आहे. लोकशाहीच्या या नाण्याविषयी बोलताना हे वगळू नये असे मला वाटते.

अलेक्झांडरने आपल्या चांदीच्या नाण्यांसाठी अथेन्सचेच वजन स्वीकारले आणि द्राख्मे पूर्वेकडे निघाला. वायव्य भारतातील ग्रीक राजांनी त्याचे वजन येथील रिवाजानुसार कमी केले आणि एका बाजूला ग्रीक, तर दुसऱ्या बाजूला खरोष्ठी या तिथल्या लिपीतील अक्षरे घातली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वृत्तांतात अपोलोडोटस व मिनँडर या ग्रीक राजांचे जुने द्राख्मे भडोचच्या बाजारात अजून चालतात असे म्हटले आहे; पैठण आणि तेर येथून गाड्यांनी माल उतरत असे तो याच बंदरात. क्षत्रप राजा नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरे आहेत, आणि शिलाहार राजांच्या लेखांत 'द्रम्म' आहे. पुढे अकबराच्या काळात 'दाम' हे तांब्याचे नाणे झाले, चाळीस दामांचा एक रुपया, आणि दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी. अरबी 'दिरहम' हाही द्राख्मेचाच वंशज, मात्र तो इराणमार्गे गेलेला.

शब्द घरगुती वाटतो तो या दीर्घ वापरामुळे. 'दामदुपटी'त, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये या नियमात, दाम हे नाणे न राहता मुद्दल झाले आहे. 'साम, दाम, दंड, भेद' या चौकडीत मात्र जुन्या ग्रंथांतील शब्द 'दान' असा आहे. तेथे 'दाम' मागाहून बोलण्यात शिरला. अर्थ जुळत असल्याने आणि 'साम'शी यमक साधत असल्याने तो रुळला, आणि बोलीत त्याला चूक म्हणू नये. ग्रंथातील वचन उद्धृत करताना तेवढे 'दान' लिहावे.