घर ‘लिक्विफॅक्शन झोन’मध्ये दाखवतंय, घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: सॅन फ्रान्सिस्को बे एरियात, ईस्ट बेमध्ये टाउनहाउस पसंत पडलंय. विक्रेत्याने दिलेल्या कागदांत ‘लिक्विफॅक्शन झोन’पुढे (म्हणजे भूकंपात माती पातळ होऊ शकते असा पट्टा) ‘होय’ अशी खूण आहे. ऑनलाइन नकाशात पत्ता टाकला तर हे घर हिरव्या पट्ट्यात येतं आणि रस्त्यापलीकडची घरं कोरी दिसतात. मग पलीकडचंच बघावं का?

मी याच भागात माती तपासणीचं काम करतो, म्हणून लिहितो. एवढ्यावरून हे घर सोडू नका आणि एवढ्यावरून पलीकडचं घेऊही नका.

आधी तो हिरवा रंग. कॅलिफोर्निया जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ‘ईक्यू झॅप’ नकाशात हिरवा पट्टा म्हणजे माती पातळ होण्याचा धोका, निळा म्हणजे भूकंपाने दरड कोसळण्याचा. आमचं घर हिरव्यात बघून माझे सासरे ‘वा, छान’ म्हणाले होते. हिरवा म्हणजे सुरक्षित, असं त्यांनी धरलं. पण माती पातळ होते म्हणजे काय?

डब्यात ज्वारी भरताना आई डबा दोनदा जमिनीवर आपटते. दाणे दबतात, वर चार बोटं जागा होते. आता ज्वारीच्या जागी सैल वाळू आणि तिच्या फटींत पाणी आहे असं धरा. जमीन हादरली की वाळू दबायला बघते, पण पाण्याला तेवढ्या सेकंदांत बाहेर पडायला वाट नसते. पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांवर टेकेनासे होतात, आणि कालपर्यंत घर पेलणारी जमीन थोडा वेळ पिठल्यासारखी होते.

नकाशा करणारे मुख्यतः तीन गोष्टी बघतात: थर किती जुना, भूजल किती वर, हादरा किती मोठा येऊ शकतो. गाळ हजार वर्षांच्या आतला असेल आणि पाणी ४० फुटांच्या आत, तर बेताच्या हादऱ्यालाही ती जागा पट्ट्यात जाते. थर जुना असेल तसा निकष कडक होतो. पाण्याची पातळी आजची धरत नाहीत, नोंदींतली सर्वांत वरची धरतात. त्यामुळे ‘सध्या दुष्काळ आहे, विहिरी खाली गेल्यात’ याचा इथे उपयोग नाही.

आता पट्ट्याची कड दाखवणारी ती रेघ. हे नकाशे १:२४,००० प्रमाणाचे आहेत. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २४ मीटर, म्हणजे तुमचा अख्खा रस्ता फुटपाथसकट. फोनवर दोन बोटांनी नकाशा ताणला की रेघ अगदी तुमच्या दारातून गेलेली दिसते, पण ताणल्याने माहिती वाढत नाही. रेघ आखणाऱ्याकडे तुमच्या दारात माती तपासायला घेतलेलं बोअर नव्हतं. आम्ही जागेवर शंकूच्या टोकाची सळई सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने जमिनीत दाबतो आणि टोकाला किती विरोध होतो ते मोजतो. एका प्लॉटवर एका ठिकाणी खालपर्यंत चिकणमातीच लागली. वीसेक पावलांवर सळई तीन मीटर सैल वाळूतून सुळकन गेली, तिथे कधीकाळी ओढा वाहत असावा. नकाशात दोन्ही जागा सारख्याच हिरव्या.

मुळात हा पट्टा काढला कशासाठी? १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात केंद्रापासून शंभरेक किलोमीटरवरच्या, सॅन फ्रान्सिस्कोतल्या मरीना भागात रस्ते उसवले, वाळूचे फवारे आले, पाण्याचे नळ जागोजागी तुटले. आग लागली तेव्हा रस्त्यावरचे आग विझवायचे नळ (हायड्रंट) कोरडे. शेवटी ‘फीनिक्स’ नावाच्या अग्निशामक बोटीने खाडीचं पाणी उपसून दिलं. त्या भागाची बरीचशी जमीन १९१५ च्या प्रदर्शनासाठी खाडीत भर घालून केलेली होती. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला: पट्ट्यात बांधायचं असेल तर आधी माती तपासा आणि उपाय करा. म्हणजे हिरवा रंग ‘इथे तपासणी लागेल’ एवढंच सांगतो. ‘इथे घर खचेल’ असं तो म्हणत नाही.

म्हणून तुम्ही बघायचं ते बांधकामाचं वर्ष. तुमच्या भागाचा नकाशा लागू झाल्यानंतर टाउनहाउसची वसाहत उभी राहिली असेल तर माती अहवाल झालेला असणार. शहराच्या बांधकाम खात्याकडे मागा. पायाखाली काय केलं ते त्यात असतं. पलीकडचं सुटं दुमजली लाकडी घर मात्र पट्ट्यात असतं तरी बहुधा या तपासणीतून सुटलं असतं. उपायाने फरक पडतो. ईस्ट बेमधल्याच अलमीडा शहराच्या बे फार्म आयलंडवर १९८९ मध्ये भरावाची वाळू पातळ झाली, पण कडेचा जो बांध आधीच ठोकून घट्ट केलेला होता तो टिकला. डबा आधीच आपटून ठेवलेला, दुसरं काय.

कागदांत आणखी एक चौकट बघा. ‘होय’ आणि ‘नाही’ सोडून ‘राज्याचा नकाशा अजून आलेला नाही’ अशीही असते. पुष्कळ लोक ती ‘नाही’ समजून वाचतात.

सपाट जागेवरच्या लाकडी घरात यातून जिवापेक्षा खिशाला फटका बसण्याची शक्यता जास्त: जमीन तिरकी बसते, सांडपाण्याची लाइन तुटते, पायाला भेगा जातात. (उताराची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये इंडोनेशियातल्या पालूत अख्ख्या वस्त्या वाहून गेल्या.) नेहमीच्या गृहविम्यात भूकंप धरलेला नसतो. टाउनहाउस आहे, तेव्हा सोसायटीच्या सामाईक पॉलिसीत भूकंप आहे का आणि पहिला किती खर्च आपल्या अंगावर येतो, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

आम्ही हिरव्यातच राहतो. अहवाल वाचून घेतलं, भूकंपाचा विमा वेगळा काढला. आणि गॅरेजमध्ये पिण्याच्या पाण्याची दोन पिंपं भरलेली असतात, दर सहा महिन्यांनी बदलतो.