वानुआतूची पाटी वाट्याला आली तेव्हा

प्रश्न : मी अकरावीत शिकते. गेल्या महिन्यात ‘एमयूएन’मध्ये, म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्रसभेत, हवामान बदलावरील चर्चेसाठी मला वानुआतू हा प्रशांत महासागरातील छोटा बेटदेश प्रतिनिधित्वासाठी मिळाला. श्रीमंत देशांनी बेटांना नुकसानभरपाई द्यावी, असा मसुदा मी तयार केला. पण मोठ्या देशांच्या प्रतिनिधींनी आपापले गट केले आणि पुरेशा सह्या न मिळाल्यामुळे माझा मसुदा चर्चेलाच आला नाही. तीन आठवड्यांची तयारी वाया गेली. लहान देश मिळाला की असेच व्हायचे का?

उत्तर : तुमची खंत अगदी रास्त आहे, पण देश लहान होता हे तिचे कारण मला पटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत प्रत्येक सदस्यराष्ट्राला एकच मत असते आणि तिथे नकाराधिकार नसतो. त्यामुळे ३ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या वानुआतूला काम करण्यासाठी याहून योग्य जागा नाही.

खुद्द वानुआतूने काय केले ते पाहा. २०१५च्या मार्चमध्ये ‘पॅम’ चक्रीवादळाने या देशाची दैना केली होती. पुढे २०१९मध्ये राजधानी पोर्ट व्हिला येथे कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी अशी कल्पना मांडली की, हवामानाच्या रक्षणाबाबत राष्ट्रांची कायदेशीर कर्तव्ये कोणती, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारावे. तुमच्याहून फार मोठी नसलेली ही मुले होती, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. सरकारने ती कल्पना उचलली, १८ देशांचा गट जमवला आणि त्यात बांगलादेशाबरोबर जर्मनी, पोर्तुगाल आणि न्यूझीलंड यांनाही घेतले. २९ मार्च २०२३ रोजी आमसभेने तो ठराव एकमताने संमत केला, तेव्हा त्याच्या सहप्रस्तावकांची संख्या १३०च्या वर गेली होती.

मला यातली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट ठरावाच्या भाषेत दिसते. त्यात पैशांची मागणी नव्हती. कर्तव्ये कोणती आणि ती मोडल्यास कायदेशीर परिणाम काय, एवढेच विचारले होते. ‘द्या’ म्हटले की समोरचा हात आखडता घेतो, पण न्यायालयाला प्रश्न विचारण्यास उघड विरोध करणे कोणत्याही सरकारला अवघड जाते. तुमच्या मसुद्याचे पहिलेच कलम ‘द्यावी’ या शब्दावर संपत असेल, तर सह्या तिथेच अडल्या असाव्यात. शिवाय तुम्ही सह्यांसाठी कोणाकडे गेलात, हे तुम्ही लिहिलेले नाही. फक्त बेटांच्या प्रतिनिधींकडे गेला असाल, तर जर्मनीची पाटी समोर ठेवून बसलेल्या मुलाशी पहिल्याच मध्यंतरात बोलायला हवे होते.

मसुदा मात्र टाकून देऊ नका. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आपले सल्लागार मत एकमताने दिले. ते बंधनकारक नसले, तरी कर्तव्यभंग करणाऱ्या राष्ट्रावर, कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्यास, भरपाईची जबाबदारी येऊ शकते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. प्रस्तावनेत या मताचा उल्लेख करा आणि तुमचे भरपाईचे कलम त्यानंतर घ्या.